पहिली पाच अक्षरं

एम. जी. रोडला जिन्याखाली आमचा गाळा.
दोघं आत आले की तिसऱ्याला पायरी.
इरफानभाई काचा बदलतात,
मी फाइली उघडते.

गिऱ्हाइकाचं वाक्य ठरलेलं: उघडत नाही.
सिडकोच्या एका वहिनींच्या हळदीत
चित्र गोठलेलं, सनई पुढे पळतेय.
पिंपळगावचा बागायतदार घडावरचा डाग दाखवायला
नव्या फोनातून फोटो धाडतो,
औषधवाल्याकडे पोचतो करडा चौकोन.
एचइआयसी आहे, म्हणते मी. जेपीजी करून देते, दहा रुपये.
तो म्हणतो, डागाचे पण दहा?

शेपटीवर विश्वास ठेवू नये
हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं.
नावामागे टिंब, टिंबामागे तीन अक्षरं,
ती कुणीही बदलावीत.
बरणीवर साखर लिहिलं
म्हणून आतलं मीठ चहात गोड होत नाही.
खरं काय ते फाइल सुरुवातीलाच सांगून टाकते,
अगदी पहिल्या चार-पाच अक्षरांत,
जिथे सहसा कुणी बघत नाही.

बुधवारी, गंगेवरच्या बाजारातून वाट काढत
तांबट लेनचे भास्करशेठ आले.
हात मनगटापर्यंत चिंचेने उजळलेले.
बोलले ते ओरडूनच;
पन्नास वर्षं पत्र्यावर हातोडा,
कानांनी कधीच काम सोडलेलं.
"हा फोटो. आमच्या केरूने धाडलेला,
अंबडला कंपनीत लागला त्याच्या आदल्या दिवशी."
केरू म्हणजे समोर बसणारा.
एका घागरीवर दोघांचे हातोडे, बावीस वर्षं.

गॅलरीत काळी चौकट,
मधोमध फाटक्या कागदाची खूण.
कुणा भल्या माणसाने आधीच
"आता उघडेल बघा" म्हणत शेपटी बदललेली.
मी आतून पाहिली.
हॅश, उद्गारचिन्ह, आणि मग
ए, एम, आर.
जुन्या बटणांच्या फोनवरचं रेकॉर्डिंग.
"शेठ, हा फोटो नाही. आवाज आहे."
"काय आहे?"
"आवाज!"
पायरीवरचे दोघं वळून बघायला लागले.

इयरफोन दिला, होता तेवढा आवाज चढवला.
शेठनी मान हलवली,
गिऱ्हाइकाचं मन राखायला हलवतात तशी.
काही ऐकू आलेलं नव्हतं.
मग मी तोच आवाज
स्क्रीनवर रेघेत उतरवला.
हिरवी, दातेरी रेघ.

शेठ वाकले. चष्मा कपाळावर नेला.
बोट काचेला न लावता वरून फिरवत गेले.
"हा मठार. उंच माझा, बुटका केरूचा.
नुसता मनगटातून मारतो. कितीदा सांगितलं."
पुढे रेघ सपाट.
"इथं घागर फिरवली."
पुन्हा दाते. पुन्हा सपाट, जरा लांब.
"इथं तंबाखू."
मी हसले. ते नाही हसले.
शेवटाकडे उंच दाते एकटेच होते,
मधे बुटका नाही.
बोट तिथे बराच वेळ थांबलं.
"उठला," ते म्हणाले. "फोन बंद करायला."
रेघ संपली.

फाइलला मी तिची खरी शेपटी लावली,
वेगळ्या फोल्डरात ठेवली.
म्हटलं, घरी कुणाला तरी ऐकवा.
"ते असू दे. याचा फोटो काढून दे."

दोन बटणं एकदम दाबली. काच क्षणभर पांढरी.
पीएनजी, हे फोनने आपणहून लिहिलं,
नाव मी विचारलं.
"घागर."

इरफानभाई मान वर न करता म्हणाले, पैसे घेऊ नको.
शेठनी तरी दहाची नोट ठेवली,
जाता जाता काउंटरच्या पत्र्यावर
एक टिचकी मारली,
आणि तळवा तसाच टेकवून ठेवला,
थरथर थांबेपर्यंत.
"हलका आहे," म्हणाले.